धाकटीची बैठक

४ फेब्रुवारी

छत्तीस वर्षं ड्यूटी संपताना पुढच्या नर्सला चार्ज दिला, तोही लेखी. आता चार्ज घ्यायला कोणी नाही, म्हणून या वहीला देते.

परवा वहिनींकडे आले. दादा गेल्यापासून त्या एकट्या राहतात. मागच्या पायऱ्यांवरून घसरल्या, उजवं मनगट मोडलं, गुडघा सुजला. मनगटाला सहा आठवडे प्लास्टर, गुडघ्यासाठी दहा दिवस अंथरूण. मी नुकतीच निवृत्त झाले, क्वार्टर सोडली. हॉस्पिटलजवळ एक खोली बघून ठेवली आहे, ती मार्चच्या मध्याला रिकामी होईल. तोवर इथे. दोघींचीही सोय.

नवल म्हणजे मी मदतीला आले आणि दोन दिवस वहिनींनी मला एकही काम सांगितलं नाही. मागची शांत खोली दिली. शेजारच्या पोस्टमास्तरांकडून खिडकीला जाड पडदा लावून घेतला होता. उशाशी पाण्याचा तांब्या. "पडा निवांत," एवढंच म्हणाल्या. आज सकाळी मीच बाहेर येऊन विचारलं, काय करू? तर म्हणाल्या, "कोंबड्यांकडे बघाल का, वन्सं?"

चार कोंबड्या आणि एक कोंबडा. ठेंगण्या, काळसर, पायांवर मोजे घातल्यासारखी पिसं. हे आमच्या आईचं वाण. दादांनी हे घर बांधलं तेव्हा आई टोपलीत तीन कोंबड्या घेऊन इथे राहायला आली होती, त्यांच्या या नातवंडांची नातवंडं. आईनंतर वहिनींनी सांभाळली. मी अठराव्या वर्षी नर्सिंगला गेले. कोंबडीचा मला असलेला अनुभव ताटातला.

थोरली, मास्तरीण, भिंगरी आणि धाकटी. कोंबड्याचं नाव सुभेदार. तो मला बघून एक पाय वर धरून उभा राहिला, तो खाली ठेवेचना. तपासणीला आलेला मोठा डॉक्टर असाच उभा राहायचा.

६ फेब्रुवारी

मास्तरीण आजारी आहे. कालपासून खुराड्याच्या कोपऱ्यात बसून. दाण्यावर आली नाही. हात नेला की अंग फुगवते, घशातून गुरगुरते, चोच मारते. पोटाची पिसं गळली आहेत, खालची कातडी लालसर आणि चटका बसेल इतकी गरम. टेम्परेचर घेतलं: एकशे सहा पॉइंट आठ. दोनदा घेतलं. इतक्या तापात मी माणसं जाताना पाहिली आहेत.

वहिनी औषधाच्या गुंगीत होत्या. म्हटलं, एक पेशंट आहे, पण मी बघते. त्या म्हणाल्या, बघा.

लगेच अलग केलं. सामानाच्या खोलीत तारेचा जुना पिंजरा होता, तो चार विटांवर ठेवला, म्हणजे खालून हवा खेळेल. गवत वगैरे काही नाही, संसर्गाला जागा नको. गार पाण्याच्या घड्या पोटाला, दिवसातून तीनदा. खोलीत भरपूर उजेड. बाकीच्यांची नऊ अंडी होती तीही जंतुनाशकात धुऊन, पुसून फ्रिजमध्ये ठेवली.

९ फेब्रुवारी

मास्तरीण बरी. ताप मात्र एकशे सहावरच अडलेला आहे, त्याचा अर्थ लागत नाही. पण सकाळी पिंजऱ्यातून सोडली तर थेट दाण्यावर धावली, थोरलीला बाजूला सारून खाल्लं. गुरगुर बंद. चार दिवसांत पेशंट पायावर उभा केला. आज बऱ्याच दिवसांनी कामाला आल्यासारखं वाटलं.

१० फेब्रुवारी

दुपारी मोकाट कुत्रा कुंपणावरून आत आला. मी स्वयंपाकघरात होते. आवाजाने धावले तोवर संपलं होतं. चारही कोंबड्या पायऱ्यांखाली, आणि सुभेदार त्यांच्या आणि कुत्र्याच्या मधोमध. कुत्र्याच्या नाकावर रक्त होतं. त्या एवढ्याशा जीवाने पळून जायला वाव असताना वाट अडवली होती. मी झाडूने कुत्रा घालवला, पण सुभेदार उठला नाही.

वहिनी भिंत धरून लंगडत बाहेर आल्या. त्याच्याकडे बघत पायरीवर बसल्या. मग म्हणाल्या, हे वाण आता दुसऱ्या कुणाकडे नाही. सगळीकडे पोल्ट्रीच्या कोंबड्या. अंडी दुप्पट देतात, पण अंड्यांवर बसत नाहीत. "बसणं त्यांच्या रक्तातून गेलं, वन्सं. बाजारातला कोंबडा आणून इथे सोडला, तर अंडी मिळतील, पिल्लंही होतील. पण दोन पिढ्यांत बसणारी एक राहायची नाही."

मग मान वर केली. कोंबडा गेला तरी त्याचा गुण कोंबडीच्या पोटात आठ-दहा दिवस राहतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे आजपासून जी अंडी येतील ती शेवटची. ती कुणी उबवली आणि त्यातून एक नर निघाला, तर वाण टिकलं. घरातल्या घरात जोडी कशी, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, कोंबड्यांत सोयरिकी बघत नाहीत.

"मास्तरीण बसणारच होती यंदा," त्या म्हणाल्या. "कोपरा धरला असेल एव्हाना. तिच्याखालीच घालू."

मी सगळं सांगितलं. पिंजरा, विटा, गार घड्या, उजेड. सांगताना त्यांच्या चेहऱ्याकडे बघून वेग मंदावत गेला.

कोंबडी उबवायला बसायची झाली की तिला खुडूक म्हणतात, हे मला माहीत असायला हवं होतं. आई म्हणायची. अंग फुगवणं, गुरगुरणं, पोटाची पिसं गळणं, जागा न सोडणं, ही सगळी तिची लक्षणं. ताप नव्हताच, कोंबडीचं अंग एरवीही तेवढंच तापलेलं असतं. आणि कुणाला ती बसायला नको असेल, तर तिला उतरवायचा उपाय म्हणजे उंचावरचा तारेचा पिंजरा, खालून वारा, पोटाला गार पाणी. पोट निवलं की खूळ उतरतं.

वहिनी ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "लोकांना आठवडा लागतो. तुम्ही चार दिवसांत उतरवलीत." आणि आधीच्या अंड्यांचं त्यांनी विचारलं तेव्हा मी जंतुनाशक आणि फ्रिजही सांगितलं, तर डोळे मिटून घेतले. धुतलं, गारठलं, ते अंडं आमलेटाचं झालं.

१२ फेब्रुवारी

आजवर चार अंडी. न धुता, न पुसता, टोकाची बाजू खाली करून टोपलीत, घरातल्या सगळ्यात थंड कोपऱ्यात, पण फ्रिजबाहेर. दिवसातून दोनदा कूस बदलायची. ते मला सांगावं लागलं नाही. एका कुशीवर राहिलेल्या माणसाचं काय होतं, ते मी आयुष्यभर पाहिलं आहे.

अंडी उबवायचं मशीन मागवू का विचारलं. पशुखाद्याच्या दुकानदाराने पंधरा दिवस सांगितले. अंडी दहा दिवसांवर थांबत नाहीत. म्हणजे कुणीतरी बसायलाच हवं, आणि तेही आठवड्याच्या आत. वहिनी म्हणाल्या, बसवता कुणालाच येत नाही. जागा करून ठेवायची, अंधार ठेवायचा, चार अंडी दिसतील अशी ठेवायची आणि आपण तिथून निघून यायचं.

खरी अंडी तिथे ठेवून चालणार नव्हती. म्हणून प्लास्टर ऑफ पॅरिस कालवून मी सहा खोटी केली. हात अजून विसरला नाही. वहिनींनी एक उचलून वजन बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि स्वतःच्या मनगटावरच्या प्लास्टरवर टकटक केली. "एकाच घरातली," म्हणाल्या. बऱ्याच दिवसांनी हसल्या.

१६ फेब्रुवारी

कुणी बसत नाही. थोरली घरट्यात जाते, अंडं घालते, बाहेर येऊन गावभर सांगते. मास्तरीण तिकडे फिरकतही नाही, इतका माझा उपाय गुणकारी.

मी दिवसातून आठ-नऊ वेळा जाऊन बघते. आज वहिनींनी खुर्चीतूनच सांगितलं की तुमची पावलं ऐकून बसणारी उठेल. फेऱ्या कमी केल्या. सुचत नाही, म्हणून त्यांचं औषधाचं कपाट आवरलं. त्यांनी आधीच दोन खण रिकामे करून ठेवलेत, मला म्हणाल्या तुमचं काय असेल ते ठेवा. महिन्याभरासाठी कशाला, म्हणून मी त्यात जुने टॉवेल ठेवले.

१८ फेब्रुवारी

संध्याकाळी खुराडं बंद करताना दांडीवर तीनच. चौथी घरट्यात होती, प्लास्टरच्या अंड्यांवर पसरलेली. धाकटी.

माझा आनंद मावेना. वहिनींचा मावला. धाकटी वर्षाची आहे, कधी बसलेली नाही. पहिलटकरीण दोन दिवस बसते, तिसऱ्या दिवशी मन उडतं, आणि अंडी गार. आपल्याकडे दुसऱ्यांदा घालायला अंडी नाहीत.

परीक्षा कशी घ्यायची ते त्यांनी शिकवलं. हात उलटा करून हळूच पोटाखाली घालायचा. उठून पळाली तर नुसती अंडं घालायला आलेली. बसूनच राहिली, हातावर दाबून बसली, तर खरी. धाकटीने आधी मला दोन चोची मारल्या. मग माझी बोटं चोचीने आत ओढली आणि त्यांच्यावर बसली. बोटांना अंडं समजून आत घेतलं. मी दहा मिनिटं वाकून उभी राहिले, हात काढवेना.

१९ फेब्रुवारी

दिवस मावळल्यावर हलवली. उजेडी हलवली तर जुन्या जागी परत जाते, अंधारात तिला कळत नाही. वहिनी दारात उभ्या राहून सांगत होत्या, मी उचलत होते. सामानाच्या खोलीत उथळ टोपली, तळाला ओलसर माती, वर वाळलं गवत, मधे बशीसारखा खळगा. मला टोपली जंतुनाशकाने पुसायची होती. वहिनींनी चुलीतली चाळलेली राख दिली. किडे राखेला भितात, आणि कोंबडीला वासाचा त्रास नाही.

खाली अजून खोटीच अंडी. "जागा बदलली की दोन दिवस तिच्याकडून काही मागायचं नाही," वहिनी म्हणाल्या. "दाणापाणी ठेवायचं, दार लोटायचं. राहायचं असेल तर राहील."

म्हटलं, माणसांना इतका धीर असता तर. त्यांनी दार लोटून घेतलं.

२१ फेब्रुवारी

धाकटी राहिली.

संध्याकाळी खोटी काढून खरी घातली. अकरा. प्रत्येकावर पेन्सिलीने नंबर. एकेक अंडं खाली सरकवताना ती चोच लावून जागेवर घेत होती, जणू मोजूनच. एकवीस दिवस धरले तर चौदा मार्च. पंधराला वहिनींचं प्लास्टर निघेल, सोळाला मी निघेन. सगळं जुळून आलं आहे.

२५ फेब्रुवारी

भिंतीवर चार्ट लावला होता: वेळ, खोलीचं तापमान, पेशंटची स्थिती, दर चार तासांनी. आज वहिनींनी डाव्या हाताने तो काढला आणि मला परत दिला. म्हणाल्या, दिवसातून एकदाच लिहा, ती बाहेर येते तेव्हा. "पेशंट तुम्ही नाही सांभाळत आहात. ती सांभाळते आहे. तुम्ही आया."

छत्तीस वर्षांत मला आया कुणी म्हटलं नव्हतं. राग यायला हवा होता.

पण खरं आहे. ती सकाळी एकदाच उठते. दाणे, पाणी, एक मोठी दुर्गंधी शी, राखेत लोळणं, पंख झटकणं. अठरा ते वीस मिनिटं. मग काम आठवल्यासारखी तरातरा परत. तिला घड्याळ कुणी दिलं? मी नव्या मुलींना शिकवताना सांगायचे की पेशंटला न उठवता त्याची कूस बदलता आली पाहिजे. दहा मुलींत एखादीला जमायचं. हिला पहिल्या आठवड्यात जमलं, चोचीने, आणि अंधारात. बाहेरची बाजू आत, आतली बाहेर, म्हणजे कुणी गार राहायला नको.

१ मार्च

आठवा दिवस. संध्याकाळी अंडी उजेडाला धरून बघितली. माणसांच्या बाहुल्या तपासायचा छोटा टॉर्च होता, तोच वापरला. वहिनी खोक्याला भोक पाडून दिव्यावर धरायच्या. टॉर्च बघून म्हणाल्या, हे बरं आहे.

तीन अंडी नुसती पिवळी, आत काही नाही. आठांत जीव आहे. मधे एक काळा ठिपका, त्यातून चहूकडे गेलेल्या तांबड्या रेषा, आणि ठिपका हलतो. सात नंबर धरून मी तशीच बसले. हृदय बंद पडताना मॉनिटरवर किती वेळा बघितलं असेल. सुरू झालेलं, इतकं उघडं, कधी बघितलं नव्हतं.

वहिनी म्हणाल्या की आई अंडं नुसतं गालाला लावून सांगायची. मी म्हटलं, मला कधी सांगितलं नाही. "तुम्ही सुट्टीला यायचात दोन दिवस," त्या म्हणाल्या. "तुम्हाला जेवायला घालण्यातच त्यांचे दोन दिवस जायचे."

७ मार्च

हे लिहायचं नव्हतं.

सकाळी नऊला वहिनींना गुडघ्याच्या तपासणीला न्यायचं होतं. निघताना सामानाच्या खोलीचं दार उघडं दिसलं. वॉर्डचं दार उघडं दिसलं की हात आपोआप जातो. ओढलं, कडी लावली, गेले.

बाराला परत आलो. वहिनींना खुर्चीत बसवून मागे गेले. धाकटी दाराबाहेर होती. सकाळची फेरी मारायला बाहेर पडली होती, तेवढ्यात मी दार लावलं. उंबऱ्याशी इकडून तिकडे, तिकडून इकडे, आणि जमिनीवर तिच्या पायांनी पडलेली वाट दिसत होती. ओरडून आवाज बसला होता. चोचीचं टोक खरचटलेलं.

दार उघडलं. ती माझ्याकडे न बघता आत गेली. टोपलीच्या काठावर उभी राहून एकेक अंडं चोचीने हलवलं, मग बसली आणि पंख पार जमिनीला लावले. ती बसायच्या आत मी अंड्यांना हात लावून बघितला होता. अंडी सकाळच्या फरशीसारखी गार. तीन तास.

वहिनींना सांगितलं नाही. त्या पोस्टमास्तरांशी कुंपणावरून बोलत होत्या. मी गेल्यावर पोस्टमास्तर हवेबद्दल बोलायला लागले.

चार्टात लिहिलं: सर्व ठीक.

८ मार्च

छत्तीस वर्षांत चार्टात खोटं लिहिलं नाही. एकदा चुकीच्या बाटलीतून डोस गेला, तेव्हाही लिहिलं, आणि सहा महिने बढती अडली. काल एका कोंबडीच्या चार्टात खोटं लिहिलं.

अंडी बघावीत तर टॉर्च लावायला धीर होत नाही. धाकटी बसलीच आहे. आज सकाळी ती बाहेर आलीच नाही. दाणा समोर नेला तर टोपलीतूनच मान लांब करून खाल्ला. दाराकडे एकदा बघितलं, माझ्याकडे एकदा.

संध्याकाळी वहिनी डाव्या हाताने मटार सोलत होत्या. काही कारण नसताना सांगायला लागल्या, की आईच्या वेळी एकदा वादळात कोंबडी रात्रभर बाहेर राहिली होती, तरी तेरांतून नऊ निघाली. दोन आठवडे उलटले की आतलं पिल्लू स्वतःची थोडी ऊब धरतं म्हणे. अंडं आपल्याला वाटतं त्यापेक्षा चिवट. आज नेमकी ही गोष्ट कुठून आठवली त्यांना, कोण जाणे. चोराच्या मनात चांदणं. मी मान वर केली नाही.

१० मार्च

सांगितलं. चहा देताना, उभ्यानेच. दार मी लावलं, तीन तास, आणि चार्टात खोटं आहे.

वहिनींनी कप खाली ठेवला. "बरं," म्हणाल्या. "चार्ट दुरुस्त करा. नाहीतर तुम्हाला जेवण जायचं नाही."

एवढंच. त्यांच्या सासूचं वाण, तीस वर्षं सांभाळलेलं, त्यांचं सगळं त्या टोपलीत, आणि मला एक शब्द नाही. आश्चर्यसुद्धा नाही. मी वॉर्डात कितीतरी मोठ्या मनाच्या बायका पाहिल्या, पण बातमी इतकी सहज घेणारी नाही पाहिली. चार्टात लाल शाईने दुरुस्ती केली, सही केली, वेळ टाकली.

वहिनी म्हणाल्या आता टॉर्च नको, तीन-चार दिवस राहिलेत, अंडी हलवायची नाहीत. कळेल ते एकदम कळेल.

१३ मार्च

संध्याकाळी धाकटी बोलायला लागली. कुणाशी ते आधी कळलं नाही. अगदी खालच्या सुरात, टक् टक्, मग गप्प, मग पुन्हा. वहिनींना हाक मारली. आम्ही दोघी जमिनीवर बसलो, वहिनींचा गुडघा पसरून. बराच वेळ काही नाही. मग टोपलीतून, तिच्या पोटाखालून, बारीक आवाजात उत्तर आलं.

वहिनींनी माझा हात धरला. डाव्या हाताने.

१४ मार्च

सहा नंबरला सकाळी चीर गेली. दुपारपर्यंत तसंच. आत चोच दिसते, हलते, थांबते. अडलेल्या बाळंतिणीपाशी मी तासन्‌तास उभी राहिले आहे, पण हातात काहीतरी करायला असायचं. चिमट्याने एवढंसं कवच काढलं तर काय होईल, असं विचारलं. वहिनी म्हणाल्या, रक्त येईल. आतल्या पडद्यातलं रक्त अंगात ओढून घ्यायला त्याला वेळ लागतो, आपल्याला दिसतं की ते थकलं, पण ते काम करत असतं. "हात काखेत घाला," म्हणाल्या. घातले.

चार वाजता सहा नंबर बाहेर. ओलं, कुरूप, पाय पिसांसकट. मग नऊ. मग एक.

धाकटी दीड दिवस उठलेली नाही. खाल्लं नाही, प्यायली नाही. पंखांखाली काय चाललं आहे ते तिला दिसतही नाही, तरी दर वेळी नेमकी तेवढीच वर होते, जेवढी जागा लागते. वर्षाची पोर. तिला कुणी शिकवलं नाही, तिने कुणाचं बघितलं नाही. माझं तीन वर्षांचं ट्रेनिंग, परीक्षा, पदकं. मी तिच्यासमोर बसून राहिले.

१५ मार्च

पाच. सहा, नऊ, एक, सात आणि चार; ओळखायला प्रत्येकाच्या पायाला वेगळ्या रंगाचा दोरा बांधला. दोन अंड्यांना चीरच गेली नाही. दोन नंबरला चीर गेली, चोच दिसली, आणि तिथेच थांबलं. त्या तीन तासांच्या गारठ्याने गेलं की मुळातच नव्हतं व्हायचं, हे कळायला मार्ग नाही. चार्टात तसं लिहिलं. वहिनींनी तीनही अंडी स्वतः उचलून नेली, मला दिली नाहीत.

दुपारी त्यांचं प्लास्टर काढलं. पकड अजून कमजोर आहे म्हणतात, भांडं उचलवत नाही. संध्याकाळी मुरंब्याची बरणी उघडी दिसली, तिचं झाकण सकाळी माझ्याने फिरलं नव्हतं. मी सैल करून ठेवलं असणार.

पाचांतला नर कोणता, विचारलं. वहिनी म्हणाल्या, आत्ता देवालाही सांगता यायचं नाही. पाचही माद्या असू शकतात. मग सगळी मेहनत वाया. तुरा फुटायला दीड-दोन महिने लागतील.

खोलीवाल्याला फोन करून दोन आठवडे थांबायला सांगितलं. अर्धवट केस सोडून ड्यूटी बदलायची माझी सवय नाही.

२९ मार्च

धाकटी पाचांना घेऊन अंगणभर. दाणा दिसला की स्वतः खात नाही, चोचीत उचलून खाली टाकते आणि बोलावते. काल घार दिसली. तिने एक आवाज काढला, पाचही नाहीशी. एका क्षणात अंगणात एकटी कोंबडी, थोडी जाड झालेली. दोन पायांऐवजी बारा पाय मोजले मी तिच्याखाली, म्हणजे दोन तिचे आणि दहा त्यांचे.

पोस्टमास्तर कुंपणावरून म्हणाले, असं फक्त तुमच्याकडेच बघायला मिळतं. "तुमच्याकडे" म्हणताना माझ्याकडे बघत होते. मी दुरुस्त केलं नाही, वेळ नव्हता, पाणी भरायचं होतं.

३ मे

सात आठवडे. रोज सकाळी चष्मा लावून तुरे बघते. वहिनी म्हणतात नऊ नंबरचा जरा तांबूस वाटतो. मला चार नंबरचा वाटतो. काल दोघींची त्यावरून चांगलीच जुंपली. वहिनी म्हणाल्या तीस वर्षं मी हेच करते आहे. मी म्हटलं मी छत्तीस वर्षं लक्षणं बघते आहे. त्या म्हणाल्या, हो, एकशे सहा ताप.

खोलीवाल्याचा फोन आला. अजून नर-मादी ओळखू येत नाही, तेव्हा कशी येऊ, असं सांगितलं. त्याला काही कळलं नाही. चांगला माणूस आहे, पण समजवायला अवघड. खोली दुसऱ्या कुणाला देतो म्हणाला. द्या म्हटलं.

कपाटातले टॉवेल काढून कपडे लावले. पेटीत चुरगळत होते.

३० मे

सकाळी सव्वासहा. मी चहा टाकत होते, वहिनी तांदळाची कणी निवडत होत्या. मागून आवाज आला. आधी घसा खरवडल्यासारखा, मग वर चढला, फाटला, अर्ध्यात बुडाला. दोघी तशाच थांबलो. वहिनींच्या बोटांत कणी होती, ती तशीच.

पुन्हा आला. या वेळी शेवट थोडा लांबला.

बाहेर जाऊन बघितलं तर खुराड्याच्या छपरावर नऊ नंबर. मान ताणलेली, डोळे मिटलेले, पायांवरची पिसं वाऱ्यावर. इतक्या किरकोळ देहातून आवाज काढायला त्याला सगळं अंग लागत होतं. खाली धाकटी दाणे टिपत होती. तिने एकदा वर बघितलं आणि पुन्हा खाली, दिवसाचं काम बाकी असल्यासारखं.

वहिनी पायरीवर बसल्या. पदराने डोळे पुसले, लपवलं नाही. मी शेजारी बसले. चहा उतू गेल्याचा वास आला तरी कुणी उठलं नाही.

थोड्या वेळाने म्हणाल्या, पुढच्या वर्षी दोघींना बसवू. एकीवर अवलंबून राहायला नको.

मी म्हटलं, तिघींना.